‘पण कारण काय?’

अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, हातापायांत त्राण राहत नाही. ही तक्रार घेऊन येणारी बाई आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्याला नवी नाही. बहुतेक वेळा तिला जंतुसंसर्गावरच्या गोळ्या मिळतात आणि महिन्याभराने ती पुन्हा रांगेत उभी असते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला या तक्रारीचा माग काढला. बायकांच्या तपासण्या केल्याच, शिवाय घर, नवरा, पैसा आणि मनाची अवस्था यांबद्दलही विचारलं. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून पांढरं जाणं हा मनाचा खेळ, असा अर्थ कुणी काढू नये. तपासणी व्हायलाच हवी. पण रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले आणि बाईला तरीही बरं वाटत नसलं, की पुढचा प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही. आपल्या घरांत मनाचं दुखणं मनाचं म्हणून क्वचितच बाहेर येतं. डोकं जड होणं, जीव घाबरणं, छातीत धडधडणं, पोटात गोळा येणं, अन्नावरची वासना उडणं अशा रूपांत ते दवाखान्यात पोचतं. पुरुषांच्या बाबतीत तर कित्येकदा नुसती चिडचिड आणि वाढलेली दारू एवढंच दिसतं.

वाईट बातमी ऐकून चार दिवस घास न उतरणं हा आजार नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणं किंवा एरवीच्या आवडीच्या गोष्टींतली गोडी जाणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता बिघडते, हालचाल मंदावते किंवा अस्वस्थपणे वाढते, स्वतःबद्दल नालायकपणाची भावना येते, मरणाचे विचार येतात. यांतली पाच लक्षणं एकत्र दिसली आणि त्यांनी रोजचा व्यवहार अडू लागला, की डॉक्टर नैराश्याचं निदान करतात. सर्वसाधारण अतिचिंतेच्या आजाराला मुदत मोठी आहे, सहा महिन्यांची. हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच माणसाकडे मुक्कामाला असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगात २८ कोटी लोकांना नैराश्य होतं आणि सुमारे ३० कोटी लोकांना चिंतेचा कुठला ना कुठला विकार.

असं निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पण कारण काय?’ नोकरी आहे, फ्लॅटचे हप्ते वेळेवर जातात, मुलं शिकतायत, नवरा पीत नाही. मग कमी कशाची आहे? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला एक कारण हवं असतं, म्हणजे ते काढून टाकता येईल. हे आजार मात्र चार-पाच धागे एकत्र आल्यावर होतात, आणि त्यांतले काही धागे आजारी माणसालाही दिसत नाहीत. शिवाय या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. आजार सुरू कशाने झाला हा पहिला. तो अजून टिकून कशामुळे आहे हा दुसरा. घरातली चर्चा पहिल्याभोवती फिरत राहते. हात घालता येईल अशी कारणं बहुधा दुसऱ्याच्या उत्तरात सापडतात.

सुरुवात शरीरापासून करावी, कारण तिथली कारणं सापडली तर लवकर दुरुस्त होतात. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्तावतो, वजन वाढतं, विसरायला होतं, कशात रस वाटत नाही. हे चित्र नैराश्यासारखंच दिसतं. थायरॉइड जास्त काम करू लागला की धडधड, घाम, हातांना कंप, म्हणजे हुबेहूब चिंतेची लक्षणं. रक्त कमी असलं की थकवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तर आपल्याकडे सर्रास आढळते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गावातल्या, वस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. तो अभ्यास २००६ सालचा. बी-१२ फार कमी झालं तर मुंग्या, विसराळूपणा आणि उदासी येऊ शकते. मात्र ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतलं की नैराश्य पळालं, असं समजण्यात अर्थ नाही. कमतरता असेल तर भरून काढावी आणि तरी उदासी उरली तर तिच्यावर वेगळे उपचार करावेत.

मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, दीर्घकाळची सांधेदुखी यांच्यासोबत नैराश्य येण्याचं प्रमाण एरवीपेक्षा बरंच जास्त आहे. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना पुढे कधीतरी नैराश्य येतं. घरातले ते ‘अशा आजारात वाईट वाटणारच’ म्हणून सोडून देतात आणि आजोबा फिजिओथेरपीला का उठत नाहीत म्हणून त्यांच्यावरच चिडतात.

औषधंही तपासावीत. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मन फार उत्तेजित किंवा फार खिन्न होऊ शकतं. दम्याच्या पंपाने धडधड वाढते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, काढे, ‘झोपेचं चूर्ण’ आणि जिममधून आणलेली पावडर एका पिशवीत घालून न्यावी. नावं आठवत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि काही लपून राहत नाही.

दारूचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण ती कारणही असते आणि उपायही समजली जाते. संध्याकाळी दोन पेग घेतल्यावर मन सैल होतं हे खरंच आहे. पण रात्री तिचा अंमल उतरताना मज्जासंस्था उलट दिशेला उसळते. पहाटे तीन-चारला दचकून जाग येणं, छाती धडधडणं, सकाळी कारण नसताना भीती वाटणं हे कित्येकदा त्याचंच फळ असतं. रोज पिणाऱ्याने मात्र एका दिवसात बंद करण्याचा पराक्रम करू नये; झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सांगून कमी करावी. आणखी एक सापळा म्हणजे अल्प्राझोलमसारख्या गोळ्या. कुणीतरी एकदा लिहून दिलेली असते, पट्टी संपली की ओळखीच्या दुकानातून दुसरी येते. या गटातल्या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्या ठीक असतात. त्यापुढे शरीर त्यांना सरावतं, आणि गोळी चुकली की जी घबराट होते ती माणसाला मूळ आजारच वाटते.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक जास्तीचा मुद्दा. कॅनडा, ब्रिटन, स्कॅंडिनेव्हिया अशा उत्तरेकडच्या देशांत नोव्हेंबरपासून दिवस आखडतो आणि काही लोकांना दरवर्षी त्याच काळात उदासी येते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या नॉर्मन रोझेन्थाल या डॉक्टरांना हा बदल स्वतःतच जाणवला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा तपासून पाहिलेला उपाय आहे. दर हिवाळ्यात ‘इथे मन लागत नाही, परत जाऊ या’ असा वाद घरात होत असेल, तर आधी कॅलेंडर पाहावं.

आनुवंशिकतेबद्दल आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी. लग्नाच्या बोलणीत जे लपवलं जातं त्यात आत्याची ‘नसांची गोळी’ हमखास असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्याच्या शक्यतेतला साधारण ३५ ते ४० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. आईवडील किंवा सख्खं भावंड यांपैकी कुणाला आजार असेल तर धोका दोन-तीन पटींनी वाढतो. तरीही अशा बहुतेकांना आजार होत नाही, आणि घराण्यात कुणालाच नसताना तो झालेले पुष्कळ आहेत. ‘नैराश्याचं जनुक’ असं एकच काही नाही. अनेक जनुकांचे बारीक बारीक परिणाम एकत्र होतात.

वाचकाने या माहितीचा उपयोग एकाच ठिकाणी करावा, डॉक्टरांसमोर. नात्यात कुणाला कुठलं औषध लागू पडलं होतं हे सांगितलं तर निवड सोपी होऊ शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात कुणी कधी काही आठवडे न झोपता उत्साहाने भारलेलं होतं का, अफाट खर्च करत होतं का, मोठमोठ्या योजना बोलत होतं का, हे आठवून सांगावं. तो द्विध्रुवीय आजार असू शकतो. रुग्णातही त्याची बीजं असतील आणि त्याला नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं, तर तो दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो.

मेंदूत सेरोटोनिन कमी होतं म्हणून नैराश्य येतं, हे वाक्य आता दवाखान्याच्या भिंतीवरही दिसतं. त्याची गोष्ट गमतीची आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. रुग्ण इतके हुशारले की वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून आली. क्षयाच्या औषधाने मन उल्हसित होतं हे पाहून संशोधक मेंदूतल्या रसायनांकडे वळले आणि पुढे ‘रसायनांचा असमतोल’ ही कल्पना रुजली. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. त्यावर काहींनी औषधंच खोटी असा निष्कर्ष काढला. तो चूक आहे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधं तपासण्यात आली. ती सगळी नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, काही थोडी, काही जरा जास्त. औषधाचा उपयोग होणं आणि आजाराचं मूळ सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रसायनामुळे झालंय, मी काय करणार’ असं म्हणत बसण्याला त्यामुळे फारसा आधार उरत नाही, आणि ‘मनाचा कमकुवतपणा आहे, गोळी कशाला’ या म्हणण्यालाही.

आता आयुष्यातल्या घटना. या विषयावरचं सर्वांत पायाभूत काम लंडनच्या कॅम्बरवेल भागात झालं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी तिथल्या ४५८ स्त्रियांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आणि १९७८ मध्ये ते काम पुस्तकरूपात आलं. आदल्या वर्षभरात ३७ जणींना नैराश्य आलं होतं. त्यांपैकी ३३ जणींच्या आयुष्यात त्याआधी काहीतरी गंभीर घडलेलं होतं किंवा मोठी अडचण दीर्घकाळ चालू होती. म्हणजे ‘काही कारण नसताना’ आलेलं नैराश्य फारच थोडं. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग आला त्यांतल्या साधारण पाचांपैकी चार जणींना नैराश्य आलं नाही.

मग फरक कशाने पडला? ब्राउन आणि हॅरिस यांना चार गोष्टी दिसल्या. वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गमावलेली असणं, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं असणं, घराबाहेर काम नसणं, आणि मन मोकळं करता येईल असं जवळचं माणूस नसणं. यांतली चौथी गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने दोनदा वाचावी. भरल्या घरात राहणाऱ्या, दिवसभर बोलणाऱ्या, व्हॉट्सॲपवर सहा ग्रुप असलेल्या माणसाकडेही असं एक माणूस नसू शकतं. मन मोकळं करणं म्हणजे सल्ला, टोमणा किंवा बोभाटा होईल या भीतीशिवाय बोलणं. असा माणूस कोण, याचं नाव चटकन सुचलं नाही तर तेच आजाराच्या कारणांच्या यादीत लिहायला हवं.

कॅम्बरवेलच्या परंपरेतल्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक रेषा स्पष्ट झाली. जे गमावलं जातं, म्हणजे माणूस, नोकरी, नातं किंवा अब्रू, त्यातून बहुधा नैराश्य येतं. जे घडेल अशी टांगती तलवार असते त्यातून चिंता. दोन्ही एकत्र आलं तर दोन्ही. आणि नुसत्या दुःखापेक्षा अपमान आणि कोंडी यांचा परिणाम अधिक खोल होतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत बारा तास बसून पाचव्यांदा पूर्वपरीक्षा देणारा तरुण डोळ्यांपुढे आणला की हे लगेच कळतं. नापास होण्याचं दुःख चार दिवसांचं. पण गावी परत जायला तोंड नाही, इथे राहायला पैसे नाहीत, वयाची मर्यादा जवळ येतेय आणि दुसरं काही करायचं शिकलेलं नाही, ही झाली कोंडी. अशा वेळी ‘जिद्द सोडू नकोस’ या सल्ल्याने कोंडी आणखी आवळते. त्याला परीक्षेपलीकडचा एक दरवाजा दाखवणं, ठरावीक प्रयत्नांनंतर थांबायची परवानगी घरच्यांनी आपणहून देणं, हाच तिथला उपचार.

स्त्रियांना नैराश्य पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतं. हार्मोन्सचा त्यात वाटा आहे, विशेषतः बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या काळात. पण सगळं हार्मोन्सवर ढकलून मोकळं होता येत नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्य होतं. घरची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. नैराश्य आलेल्यांतल्या बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती. म्हणजे बाळंतिणीला डिंकाचे लाडू खाऊ घालण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यातच कुणीतरी तिला झोप कशी लागते, रडू येतं का, घरात कुणाची भीती वाटते का, हे विचारायला हवं. बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तो त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आहे.

पैशाबद्दल बोलणं टाळून या आजारांची कारणं सांगता येत नाहीत. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिली. संशोधकांनी आकडे ताडून पाहिले, तेव्हा ज्या भागांत मदत पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. दुष्काळाचा मनावरचा फटकाही मदतीने सौम्य झाला. ज्याच्या चिंतेचं कारण कर्ज आहे त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून भागत नाही. कुणाचं किती देणं, व्याज किती, तारण काय, हे सगळं आधी कागदावर उतरवावं, आणि घरातल्या निदान एका माणसाला दाखवावं. महाराष्ट्रात बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. नवऱ्याची मारहाण हे कारण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि संरक्षण अधिकारी हाही उपचाराचाच भाग.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि जवळच्या केंद्रात येणारे मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले चार-पाच जण कुणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे निष्कर्ष मांडले. विदर्भातला शेतकरी मनाचा उपचार घ्यायला तयार होत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला. जवळ मिळाला, आपल्या भाषेत मिळाला तर तो घेतो.

आता दुसरा प्रश्न, आजार टिकून कशामुळे राहतो. नोकरी गेली म्हणून माणूस खचला. खचला म्हणून उशिरा उठू लागला, मित्रांचे फोन टाळू लागला, फिरणं सोडलं, दाढी करेना. त्यामुळे दिवसभरात बरं वाटेल असा एकही क्षण उरला नाही. चार महिन्यांनी नवी नोकरी मिळाली तरी मन वर येत नाही, कारण आता आजाराला मूळ घटनेची गरजच राहिलेली नसते. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच दुव्यावर काम करून पाहिलं गेलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना छोटी छोटी कामं आखून दिली. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के.

पद्धत घरी समजण्यासारखी आहे. आठवडाभर वहीत दर दोन तासांनी काय केलं आणि मन कसं होतं, एवढंच लिहावं. मग ज्यांनी थोडं तरी बरं वाटलं अशी दोन कामं निवडून त्यांची वेळ ठरवावी. काम अगदी लहान असावं. ‘रोज तासभर चालेन’ नको, ‘साडेसहाला चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईन’ असं. मूड यायची वाट पाहायची नाही, कारण नैराश्यात तो आधी येत नाही. काम केल्यावर कधीकधी येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. आजारी माणसाला चप्पल घालणं किती जड जातं ते त्यालाच ठाऊक.

चिंतेला टिकवून धरणारी गोष्ट वेगळी: टाळणं. एकदा लोकलमध्ये जीव घाबरला म्हणून लोकल सोडली, मग रिक्षात खिडकीजवळ बसणं सुरू झालं, मग एकटं बाहेर पडणंच थांबलं. दर वेळी टाळल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यानेच पुढच्या वेळची भीती वाढते. अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यात असंच घडतं. छातीत जरा धडधडलं, माणसाला हार्ट ॲटॅक वाटला, भीतीने श्वास जलद झाला, जलद श्वासाने बोटांना मुंग्या आल्या, मुंग्यांनी खात्रीच पटवली. पहिल्या वेळी ईसीजी काढावाच, चाळिशी ओलांडलेल्याने तर नक्की. पण हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी नीट तपासून सांगितल्यावर दर आठवड्याला नवा ईसीजी काढणं हे भीतीलाच खाऊ घालणं आहे. तेव्हा टाळलेल्या गोष्टींची सोपी ते अवघड अशी यादी करून सोप्यापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक ठिकाणी भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबून पाहावं. समुपदेशकाची सोबत असेल तर हे लवकर जमतं.

झोपेबद्दल थोडक्यात. निद्रानाश हे नैराश्याचं लक्षण आहे तसंच कारणही. ज्यांची झोप दीर्घकाळ बिघडलेली असते त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. रात्री झोप केव्हाही लागो, सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. दुपारनंतर चहा नको. झोप येत नसेल तर गादीवर तळमळण्यापेक्षा उठून बसावं, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. जायचं कुठे, हे बहुतेकांना माहीत नसतं. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे जाणारा प्रत्येक जण भरती होतो असं नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य असून तिथे मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे, आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखीच तरतूद करायला सांगितलं आहे.

जगणं नको झालं असं कुणी बोललं तर ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून विषय मिटवू नये. स्वतःला संपवायचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नये, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवावा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पोलिसकेसच्या भीतीने उशीर करू नये. वर उल्लेखलेल्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर चार-पाच ओळी लिहून न्याव्यात. त्रास कधीपासून, त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत काय काय घडलं, घरात कुणाला असा आजार, चालू औषधं, दारू-तंबाखू-मिश्री किती, आणि आजारपणात काय काय करायचं सोडलं. शेवटचा मुद्दा डॉक्टर बहुधा विचारत नाहीत. त्यांना आपणहून सांगावा.

औषध सुरू झालं तर पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढल्यासारखं वाटतं आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बहुतेक लोक गोळी याच काळात बंद करतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण क्वचित मरणाचे विचार वाढू शकतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि आजार पुन्हा उलटलेला असेल तर अधिक काळ. ते एकदम थांबवलं तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, आणि माणूस ‘गोळीची सवय लागली’ म्हणून घाबरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी केली तर हे टळतं. औषध थांबवताना आपल्या बाबतीत आजाराची चाहूल कशी लागली होती ते रोजच्या नोंदींच्या वहीत लिहून ठेवावं. कुणाची पहाटेची झोप मोडते, कुणी भाजी आणायला जाणं टाळू लागतो, कुणी मित्राचा फोन सलग तिसऱ्यांदा उचलत नाही. त्या वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असावी, कारण पुढच्या खेपेला ते त्याच्याच लक्षात आधी येईल.